गॅट्सबीचे दोन आठवडे

‘द ग्रेट गॅट्सबी’ आम्हाला बी.ए.ला होती. परीक्षेत हिरव्या दिव्यावर प्रश्न यायचा, जाहिरातीच्या फलकावरच्या त्या चष्मेवाल्या डोळ्यांवर यायचा, अमेरिकन ड्रीमवर तर हमखास यायचा. सहाव्या प्रकरणातल्या एका कॉलेजवर मात्र कधीच आला नाही. गाइडमध्येही त्याचं नाव नव्हतं. मला ते कॉलेज सापडलं खूप नंतर, बसमध्ये फोनवर कादंबरी पुन्हा वाचताना.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जे गॅट्सबी हा लाँग आयलंडवर मोठमोठ्या पार्ट्या देणारा धनाढ्य माणूस मुळात जेम्स गॅट्झ आहे, नॉर्थ डाकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा. सतराव्या वर्षी एका श्रीमंताची नौका दिसते आणि तो त्या क्षणी नाव बदलतो. त्याच्या काही महिने आधी तो मिनेसोटाच्या दक्षिणेतल्या सेंट ओलाफ या छोट्या ल्युथरन कॉलेजात गेलेला असतो. दोन आठवडे टिकतो. आपण कुणीतरी मोठे होणार आहोत याची त्या कॉलेजला काही पडलेलीच नाही, हे त्याला सहन होत नाही. आणि फी भागवण्यासाठी झाडलोट करावी लागणार, याचीही त्याला घृणा वाटते. फिट्झजेराल्ड हे सगळं दोन-तीन वाक्यांत उरकून पुढे जातो.

विनोदासारखाच वाचला जातो हा उल्लेख. कुठे ते खेड्यातलं धार्मिक कॉलेज आणि कुठे गॅट्सबी! पण मला वाटतं, गॅट्सबी नेमकं काय टाकून निघाला हे कादंबरीत इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठेच दिसत नाही. आणि टाकलेली वस्तू तपासता येते, कारण ते कॉलेज खरं आहे. आजही चालू आहे. मी तिथे गेलेले नाही, माझी त्याच्याशी ओळख पुस्तकांतूनच झाली. तरी लिहायला पुरेल इतकी झाली आहे.

नॉर्थफिल्ड नावाच्या गावात, कॅनन नदीजवळच्या टेकडीवर हे कॉलेज आहे. १८७४ साली बर्न्ट युलियस मूस या नॉर्वेजियन पाद्र्याने हॅरल्ड थॉर्सन या स्थानिक व्यापाऱ्याच्या आणि आणखी काही जणांच्या साथीने ते काढलं. तेव्हा ती फक्त शाळा होती, नावात ‘कॉलेज’ आलं १८८९ मध्ये. नॉर्वेतून येऊन गव्हाची शेती करणाऱ्यांच्या मुलामुलींसाठी ती होती, आणि मुली पहिल्यापासून होत्या. पैसे नसतील तर काम करा आणि शिका. आपल्याकडे ‘कमवा आणि शिका’ म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, साधारण तेच. तिथे वर्ग झाडणं ही शिक्षा नव्हती. झाडणारा मुलगा संध्याकाळी त्याच वर्गात लॅटिनचा धडा करत बसे.

कॉलेजचा स्वभाव समजून घ्यायचा तर इतिहासाच्या पुस्तकाआधी त्याचा कॉयर ऐकावा. एफ. मेलियस क्रिस्टियानसेन या संगीतकाराने तो १९१२ साली उभा केला. सेंट ओलाफचं नाव आजही सर्वांत आधी या कॉयरसाठी निघतं आणि तिथला नाताळचा संगीतोत्सवही त्याच वर्षापासून चालत आलेला आहे. क्रिस्टियानसेनची शिस्त अशी की आवाज सरळ हवा, कंप नको, आणि साठेक गळ्यांतला एकही वेगळा ऐकू येता कामा नये. तुमचा आवाज उत्तम असेल तर तो इतरांत विरघळवता यायला हवा. यूट्यूबवर ऐकून बघा. सुंदर आहे, आणि थोडं भीतिदायकही. गॅट्सबीला जी बेपर्वाई वाटली ती मला या गाण्यात ऐकू येते. हे कॉलेज प्रतिभेचा दुस्वास करत नव्हतं. तिला वेगळी खुर्ची देत नव्हतं, इतकंच.

फिट्झजेराल्डने हे कॉलेज सहज निवडलं असेल का? तो शेजारच्याच सेंट पॉल शहरातला, त्यामुळे नाव ओठांवर असणारच. पण एक गोष्ट मला थांबवते. १९२४ साली त्याची ‘अब्सोल्यूशन’ नावाची कथा छापून आली. ती मुळात गॅट्सबीच्या बालपणासाठी योजलेली होती, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. त्या कथेतला मुलगा कॅथलिक आहे. तो पाद्र्यापुढे कबुलीजबाबात खोटं बोलतो आणि घाबरतो. पाद्री मात्र स्वतःच झगमगाटाने वेडावलेला निघतो, मुलाला जत्रेतल्या दिव्यांची वर्णनं ऐकवत बसतो. मुलाला कळतं की आपल्याला हवी असलेली चमक कुठेतरी आहे आणि तिचा देवाशी संबंध नाही. म्हणजे त्या कथेत धर्म मुलाच्या स्वप्नाला दुजोरा देतो, भले वेडाच्या भरात. कादंबरीत आल्यावर ही सगळी बाजू गेली. तिच्या जागी उरलं एक ल्युथरन कॉलेज, ज्याला त्या स्वप्नाशी काही देणंघेणं नाही. पुढच्या सगळ्या आयुष्यात गॅट्सबीला भेटणारी जवळपास प्रत्येक व्यक्ती त्याच्याकडे बघून एकतर भुलते नाहीतर हिणवते. बघितलं न बघितलं करून हातात झाडू देणारी ही एकच जागा.

आता वर्षांचा हिशोब करू. कादंबरीतल्या तारखा जुळवल्या तर गॅट्सबीचे ते दोन आठवडे १९०६-०७च्या आसपास पडतात. आणि १९०६ मध्येच सेंट ओलाफमध्ये तीस वर्षांचा एक नवा मास्तर शिकवायला लागला होता. ओले रोल्वॉग त्याचं नाव. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या डोन्ना बेटावर एका कोळी कुटुंबात जन्मलेला, स्वतः लोफोटेनच्या समुद्रात मासेमारी केलेला. विसाव्या वर्षी अमेरिकेत आला, साउथ डाकोटात शेतमजुरी केली, वय उलटून गेल्यावर शाळेत बसला आणि १९०५ मध्ये सेंट ओलाफमधून पदवीधर झाला. नाव त्यानेही बदललं होतं. तो जन्माने पेडरसन, पण अमेरिकेत आपल्या वाडीचं नाव आडनाव म्हणून लावू लागला. गॅट्झने नाव बदललं ते बापाची खूण पुसायला, पेडरसनने बदललं ते गाव सोबत ठेवायला. कॉरिडॉर पुसणारा एक चिडका पोरगा आणि वर्गाकडे निघालेला हा मास्तर एकमेकांसमोरून गेले असते, असं मला उगाच वाटत राहतं. एक काल्पनिक, दुसरा खरा, हे माहीत असूनही.

रोल्वॉगने सेंट ओलाफ सोडलं नाही. जवळजवळ मरेपर्यंत, म्हणजे १९३१ पर्यंत, तिथे नॉर्वेजियन शिकवलं आणि कादंबऱ्याही नॉर्वेजियनमध्येच लिहिल्या. त्याचं मुख्य पुस्तक इंग्रजीत ‘जायंट्स इन दि अर्थ’ म्हणून आलं १९२७ साली. मूळ नॉर्वेजियन दोन भाग मात्र १९२४ आणि १९२५चे आहेत. ‘गॅट्सबी’ही १९२५चीच. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की अंगावर काटा येतो.

पेर हान्सा हा रोल्वॉगचा नायक १८७३ मध्ये बायकोमुलांना घेऊन डाकोटाच्या माळावर येतो. गॅट्सबीसारखाच भविष्याने झपाटलेला. जिथे झाडसुद्धा नाही तिथे त्याला राज्य दिसतं. तोही आडनाव बदलतो, होल्म असं नवं घेतो, आणि त्याची बायको बेरेट हादरते. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेलं नाव टाकून द्यायचं? मग आपण कोण उरलो? फिट्झजेराल्डच्या कादंबरीत हा प्रश्न गॅट्सबीला विचारणारं कुणी नाही. टॉम त्याची चौकशी करतो ती त्याला उघडं पाडण्यासाठी.

वाक्यावाक्याला तोलायचं तर फिट्झजेराल्ड पुढे आहे, यात वाद नको. रोल्वॉग मध्ये मध्ये फार रेंगाळतो, हवामान सांगताना पानंच्या पानं घेतो. पण बेरेटच्या उंचीची एकही बाई फिट्झजेराल्डकडे नाही. डेझी आपल्याला कायम कुणाच्या तरी नजरेतून दिसते. बेरेट मात्र डोकं ठिकाणावर नसतानाही स्वतः विचार करते, आणि आपण तिच्या भीतीच्या आत बसून तो माळ बघतो. ती नवऱ्याला चूक ठरवते आणि बहुतेक वेळा तीच बरोबर असते.

इथे कॉलेजच्या इतिहासातली एक अवघड गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी टेकडीवरच्या साधेपणाची आरती करतेय असं वाटेल. संस्थापक मूस यांच्या पत्नी ओलिना मूस यांनी नवऱ्यावर खटला भरला. वडिलांकडून आपल्याला आलेला वारसा नवऱ्याने स्वतःकडे ठेवला, तो मला मिळावा, ही मागणी. हे १८७९-८०च्या सुमाराचं, म्हणजे इब्सेनचं ‘डॉल्स हाउस’ आलं त्याच काळातलं. नॉर्वेजियन अमेरिकेत मोठी खळबळ झाली, चर्चच्या बैठकांमध्ये त्यांच्या संसाराची चिरफाड झाली. शेवटी दोघं कायद्याने विभक्त झाले. आपलं जपा, वडिलांचा वारसा जपा, असं सांगणारी संस्था ज्याने उभी केली, त्याच्याच घरात वडिलांच्या वारशासाठी मुलीला कोर्टात जावं लागलं. रोल्वॉगचा वारशाचा आग्रह वाचताना मला ओलिना आठवते. त्याला ती आठवली होती की नाही ते बेरेटच्या पानांवरून ज्याने त्याने ठरवावं.

आणि तो आग्रह मोठा होता. वारशावर त्याने १९२२ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत परकी भाषांवर संशयाचं वारं होतं. शेजारच्या आयोवा राज्याच्या गव्हर्नरने १९१८ मध्ये सार्वजनिक ठिकाणी, अगदी फोनवरसुद्धा, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायला मनाई केली होती. चर्चमधूनही नॉर्वेजियन हळूहळू मागे पडत होती. त्या वाऱ्यात हा मास्तर म्हणत होता की भाषा टाकून अमेरिकन झालात तर अमेरिकेला द्यायला तुमच्याकडे काही उरणार नाही. १९२५ मध्येच नॉर्वेजियन-अमेरिकन इतिहास मंडळ सेंट ओलाफमध्ये स्थापन झालं आणि रोल्वॉग त्याचा पहिला सचिव झाला. स्थलांतरितांची पत्रं, वर्तमानपत्रं, चर्चच्या वह्या जमवायला त्यांनी सुरुवात केली. भाषेच्या बाबतीत तो हरला, हे उघड आहे. त्याची कादंबरीही अमेरिकेने वाचली ती लिंकन कोलकॉर्डबरोबर बसून केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे.

याच गावातली आणखी एक गोष्ट सांगते. ७ सप्टेंबर १८७६ रोजी जेसी जेम्सच्या टोळीने नॉर्थफिल्डच्या बँकेवर दरोडा घातला. त्यात गावातली दोन माणसं गेली. एक बँकेचा कर्मचारी जोसेफ हेवूड आणि दुसरा निकोलस गुस्ताफसन हा स्वीडनहून आलेला माणूस. रस्त्यावरून बाजूला हो, असा दरोडेखोरांनी केलेला इंग्रजी पुकारा त्याला कळला नाही, असं सांगतात.

फिट्झजेराल्डच्या निवेदकाला, निकला, हा मिनेसोटा नको आहे. शेवटच्या प्रकरणात तो आपलं मिडवेस्ट आठवतो तेव्हा शेतं, माळ, स्कँडिनेव्हियन वस्त्या आधीच वगळून टाकतो. त्याला हव्यात नाताळच्या सुट्टीत शिकून घरी परतणाऱ्या श्रीमंत पोरांच्या ट्रेन. गॅट्सबीने तेच केलं. लढाईनंतर सैन्यातल्या अधिकाऱ्यांना मिळालेल्या सवलतीत तो पाच महिने ऑक्सफर्डला राहिला, तर तिथला फोटो खिशात घेऊन फिरतो. सेंट ओलाफच्या दोन आठवड्यांचा फोटो कुठेच नाही.

पण ती टेकडी त्याचा पिच्छा सोडत नाही. गॅट्सबीचा पैसा चोरट्या दारूचा. ती चोरटी ठरली व्होल्स्टेड कायद्यामुळे. १९१९च्या त्या कायद्याला ज्याचं नाव मिळालं तो अँड्र्यू व्होल्स्टेड नॉर्वेजियन स्थलांतरितांचा मुलगा, मूस यांच्याच गुडह्यू काउंटीत जन्मलेला, आणि काही काळ सेंट ओलाफमध्ये शिकलेला. फिट्झजेराल्डला हे माहीत होतं की नाही, त्याने फरक पडत नाही. सेंट ओलाफच्या एका विद्यार्थ्याच्या नावाने झालेल्या बंदीवर सेंट ओलाफमधूनच पळालेला दुसरा विद्यार्थी श्रीमंत होतो.

दोन्ही कादंबऱ्या मरणावर संपतात, आणि दोन्हीकडे एक ल्युथरन पाद्री आहे. पेर हान्साचा मित्र मरणाला टेकलेला आहे, त्याला पाद्री हवा आहे. बाहेर हिमवादळ. बेरेट हट्ट धरते, आणि पेर हान्सा जाणं वेडेपणाचं आहे हे माहीत असून निघतो. वसंतात तो सापडतो, गवताच्या गंजीला टेकून बसलेला, तोंड पश्चिमेकडे. पाद्र्यापर्यंत तो पोचलाच नाही.

गॅट्सबीच्या घरी पाद्री येतो, फ्लशिंगहून, आणि तो ल्युथरन आहे. परीक्षेच्या वर्षी हा शब्द माझ्या डोळ्यांखालून गेला होता, दिसला नव्हता. मिनेसोटातून म्हातारा हेन्री गॅट्झ आलेला असतो. पोराच्या जुन्या पुस्तकाच्या मागच्या पानावरचं वेळापत्रक तो अभिमानाने दाखवतो. पहाटे उठणं, व्यायाम, अभ्यास, काम, बचत, आणि सगळ्यात शेवटी आईबापांशी नीट वागण्याचा निश्चय. तारीख आहे १२ सप्टेंबर १९०६. हे वेळापत्रक घेऊन आलेला मुलगा सेंट ओलाफला हवाच होता. फी माफ झाली नसती, झाडू मिळाला असता.

बाहेर पाऊस पडतोय. नोकर हॉलमध्ये येऊन उभे आहेत. पार्ट्यांना येणाऱ्या शेकडो लोकांपैकी कुणाची तरी गाडी येईल म्हणून बाप खिडकीतून बघतोय. पाद्री पुन्हा पुन्हा घड्याळ बघतो, तेव्हा निक त्याला बाजूला घेऊन आणखी अर्धा तास थांबायची विनंती करतो. तो थांबतो.