‘घृणा’ आणि ‘निर्घृण’ : शब्दार्थाच्या टिपांचें परीक्षण

जुन्या पोथ्या छापतांना शेवटीं कठीण शब्दांचा कोश जोडण्याची चाल उपयुक्त आहे, यांत शंका नाहीं. परंतु जो शब्द संपादकास पूर्ण अपरिचित असतो त्यापेक्षां जो ओळखीचा वाटतो, त्याच ठिकाणीं चूक होण्याचा संभव अधिक. अपरिचित शब्द दिसला म्हणजे संपादक थांबतो, कोश उघडतो, दुसरी प्रत पाहतो. ओळखीचा शब्द त्यास थांबवीत नाहीं. ‘घृणा’ हा असाच एक ओळखीचा शब्द आहे. अलीकडे ज्या टिपा आमच्या पाहण्यांत येतात त्यांत ‘घृणा म्हणजे तिरस्कार, द्वेष’ एवढें लिहून काम संपविलेलें असतें. ही टीप अपुरी आहे, आणि पुष्कळ स्थळीं ती मूळ अर्थाच्या थेट उलट जाते, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम संस्कृताची साक्ष घेऊं. अमरसिंहानें हा शब्द आपल्या कोशांत दोन ठिकाणीं घातला आहे. नाट्यवर्गांत तो करुणा, कृपा, दया, अनुकंपा यांच्या पंक्तीस बसविला आहे. नानार्थवर्गांत त्यास जुगुप्सा आणि करुणा असे दोन अर्थ दिले आहेत. दोहोंपैकीं एकाहि ठिकाणीं द्वेष हा अर्थ नाहीं, हें लक्ष्यांत घेण्यासारखें आहे. वामन शिवराम आपटे यांच्या १८९० च्या संस्कृत-इंग्रजी कोशांतहि दया हा अर्थ आधीं आला असून किळस हा मागाहून आला आहे. म्हणजे आमचे टिपाकार जो अर्थ एकमेव म्हणून देतात, तो संस्कृताच्या या जुन्या कोशकारास ठाऊकच नव्हता.

आतां प्रयोग पाहूं. उद्योगपर्वांत भीष्म कौरवपक्षाच्या रथी-महारथींची गणना करतात व कर्णास अर्धरथ ठरवितात. द्रोणाचार्य त्यास दुजोरा देतांना जीं कारणें सांगतात, त्यांत कर्ण ‘घृणी’ आहे हें एक आहे. येथें प्रचलित टीप लावली तर ‘कर्ण द्वेष्टा आहे म्हणून तो अर्धा योद्धा’ असा अर्थ होईल. द्वेषानें योद्ध्याचा पराक्रम निम्मा होतो असें द्रोणांसारखा शस्त्रवेत्ता कां म्हणेल? त्यांचा अभिप्राय इतकाच कीं, कर्ण मनाचा मऊ आहे, ऐन रणांत त्यास दया येते, आणि तो बेसावध राहतो. कवचकुंडलें मागणाऱ्यास काढून देणाऱ्या पुरुषाविषयीं हा अभिप्राय अगदीं यथार्थ आहे. एका चुकीच्या टिपेनें येथें कर्णाचा स्वभावच उलटा होतो.

याच पर्वांत विदुर धृतराष्ट्रास नित्य दुःखी असणारे सहा प्रकारचे पुरुष सांगतो. त्यांतहि ‘घृणी’ आहे. हें स्थळ अवघड आहे. शेजारीं मत्सरी, असंतुष्ट, क्रोधी, संशयी व परान्नावर जगणारा हे बसलेले. तेव्हां संगतीवरून अर्थ काढणारा ‘ज्याला सगळ्यांची किळस येते तो’ असें म्हणेल. पण ज्याचें मन प्रत्येकाच्या दुःखानें पाझरतें तोहि नित्य दुःखीच असतो, असें म्हणणारास काय उत्तर देणार? अशा स्थळीं दोन्ही अर्थ छापून निर्णय वाचकावर सोडणें हेंच प्रामाणिक होय.

तिसरें उदाहरण कालिदासाचें. रघुवंशाच्या अकराव्या सर्गांत ताटका समोर येते. ती स्त्री आहे म्हणून रामाचा हात अडतो. अखेर तो बाण सोडतो आणि बाणाबरोबरच ‘घृणा’हि सोडतो, असें कवीनें म्हटलें आहे. ही दया म्हणावी कीं किळस? स्त्रीवर शस्त्र धरण्याचें जें कसेंसेंच वाटणें, त्यांत तिच्याविषयीं कणव आहे आणि त्या कृत्याविषयीं शिसारीहि आहे. आमच्या मतें कवीनें हा शब्द दोन्ही अर्थ एकत्र नांदतात म्हणूनच योजिला आहे. या शब्दाचें मर्म याच स्थळीं सांपडतें. जें पाहवत नाहीं त्यापुढें मन हलतें, तें हलणें म्हणजे घृणा. मन पुढें झुकलें तर ती करुणा. मागें सरलें तर ती जुगुप्सा. धातुपाठांत ‘घृ’ धातूचे झिरपणें व प्रकाशणें असे अर्थ दिले आहेत. घृत हा शब्द त्याच धातूचा, आणि किरणवाचक ‘घृणि’हि त्याच घरचा. ऊब लागून वितळणें ही कल्पना मुळाशीं धरली म्हणजे दयेचा अर्थ आधींचा कां, हें सहज उमगतें.

मराठींत हा शब्द दोन वाटांनीं आला. एक वाट प्राकृताची. प्राकृतांत ‘घिणा’ असें रूप होऊन त्यापासून हिंदींतील ‘घिन’ आणि आपल्याकडील बोलींतील ‘घीण’ निघाले. या वाटेनें येतांना दया मागें राहिली व किळस तेवढी पुढें आली. दुसरी वाट पंडितांच्या संस्कृताची. त्या वाटेनें ‘निर्घृण’ हा शब्द जसाच्या तसा आला, आणि त्यांत दयाच शाबूत आहे. वर्तमानपत्रांत ‘निर्घृण हत्या’ असें रोज छापलें जातें. वाचणारा प्रत्येकजण त्याचा अर्थ ‘निर्दय’ असाच घेतो. घृणा म्हणजे केवळ द्वेष असता तर निर्घृण म्हणजे द्वेषरहित, अर्थात् संतपुरुष झाला असता! एकाच कोशाच्या एका पानावर ‘घृणा म्हणजे द्वेष’ आणि दुसऱ्या पानावर ‘निर्घृण म्हणजे क्रूर’ असें छापणाऱ्या संपादकास ही विसंगति दिसूं नये, हें आश्चर्य आहे.

मराठीस नावडीचे शब्द कमी नाहींत, आणि त्यांच्यांतील भेद बारीक आहेत. किळस इंद्रियांची, ती पाहिल्यानें, वासानें, स्पर्शानें येते. शिसारी अंगावर येते. वीट अतिपरिचयाचा, जें एकदां गोड लागलें त्याचाच वीट येतो. रंग विटतो तसें मन विटतें. उबग हा संस्कृत उद्वेगाचा वंशज, त्यांत थकव्याचा अंश आहे. तिटकारा मनाचा, तो येतोहि आणि करतांहि येतो. या सर्वांत सामान्य नियम असा कीं, किळस, शिसारी, वीट, उबग हे मनुष्यास ‘येतात’. द्वेष मात्र मनुष्य ‘करतो’. येणाऱ्या गोष्टीचा तो धनी नसतो, केलेल्या गोष्टीचा असतो. हा व्याकरणाचा भेद दिसतो लहान, पण नीतीचा सारा भेद त्यांत आहे. संस्कृतांतील जुगुप्सा या शब्दाची घडणहि हेंच सांगते. पाणिनीच्या ३.१.५ या सूत्रानें ‘गुप्’ धातूस सन् प्रत्यय लागून तो शब्द होतो. ‘गुप्’ म्हणजे राखणें. स्वतःस राखूं पाहणें, अंग चोरणें, हें त्यांत आहे. दुसऱ्याचें वाईट चिंतणें नाहीं.

मग ‘घृणा करणें’ हा प्रयोग कोठून आला? आमच्या मतें तो हिंदींतून आला. आमचा वर्धा जिल्हा पूर्वीच्या मध्यप्रांतांतला. १९५६ पर्यंत मराठी व हिंदी येथें एकाच राज्यांत नांदल्या. वर्ध्यासच १९३६ मध्यें राष्ट्रभाषा प्रचार समिति स्थापन झाली. हिंदी शिकणें चांगलेंच. आमचा रोख भाषेवर नाहीं. परंतु हिंदींतील ‘घृणा करना’ मराठींत येतांना ‘येणें’ जाऊन ‘करणें’ आलें, आणि त्याबरोबर किळसेचा द्वेष झाला. आजच्या लेखनांत हा प्रयोग रूढ झाला असेल तर त्यास आमची हरकत नाहीं, शब्द बदलतात. हरकत आहे ती आजचा अर्थ दोनशें वर्षांपूर्वींच्या पोथींत घुसविण्यास.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे, हें आमच्या नालवाडीच्या उदाहरणावरून कळेल. १९३२ मध्यें विनोबा वर्ध्याहून येथें राहावयास आले व १९३८ मध्यें पवनारास गेले. त्यांच्या सहकाऱ्यांपैकीं गोपाळराव वाळुंजकर यांनीं येथें चर्मालय चालविलें. मेलेल्या जनावरांचें कातडें सोलणें व कमावणें हीं कामें, ज्यांच्या नुसत्या वासानें लोक तोंड फिरवीत, तीं सुशिक्षितांनीं हातीं घेतलीं. मनोहर दिवाण यांनीं १९३६ मध्यें जवळच दत्तपूर येथें महारोग्यांच्या सेवेचें काम आरंभिलें. त्या काळीं या रोगावर खात्रीचा उपाय नव्हता. अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविली ती १९८१ सालीं. संस्कृताचे विद्वान् परचुरे शास्त्री यांस हाच रोग झाला होता. ते १९३९ मध्यें सेवाग्रामच्या आश्रमांत आले. गांधीजी स्वतः त्यांचें अंग चोळीत. शास्त्रीबोवा १९४५ मध्यें दत्तपुरास वारले.

या मंडळींचें वर्णन कोणी ‘त्यांनीं घृणा सोडली’ असें केलें, तर त्याचा अर्थ काय घ्यावयाचा? किळस सोडली, असें लेखकास म्हणावयाचें असेल. जुन्या संस्कृताचा वाचक ‘दया सोडली’ असें वाचील. आणि आजचा टिपाकार ‘द्वेष सोडला’ असें लिहील. पण या मंडळींना कोणाचा द्वेष होता असें कोण म्हणेल? किळस येणें हा दोष नव्हे, ती शरीराची गोष्ट आहे. ती आली असतां मागें न सरतां पुढें झुकणें, म्हणजे घृणेच्या एका अर्थांतून दुसऱ्या अर्थांत जाणें, हेंच त्यांचें काम होतें. टिपेंत ‘द्वेष’ लिहिला कीं तें कामच दिसेनासें होतें. उलट, समाजानें महारोग्यांस गांवाबाहेर घालविलें त्यास केवळ ‘घृणा’ म्हणून सोडून दिलें तर जें केलें तेंहि ‘आलें’ या सदरांत जमा होतें. किळस आली असेल. घालवून देणें मात्र केलें गेलें. शब्दाचा अर्थ ढिला झाला म्हणजे उपकार व अपराध दोन्ही झांकले जातात.

सबब संपादकांस व संग्राहकांस आमची विनंति अशी. पहिली गोष्ट, लेखनाची. पोथ्यांत ऋकाराच्या जागीं रु किंवा रि लिहिण्याची लेखकांची संवय सर्वांस ठाऊक आहे. तेव्हां ‘घ्रुणा’, ‘घ्रिणा’ अशीं रूपें दिसल्यास तीं निराळे शब्द समजूं नयेत, व शुद्ध करून छापतांना मूळ रूप तळटीपेंत राखावें. दुसरी, क्रियापदाची. घृणा ‘येते’, ‘उपजते’, कीं ‘करतात’, हें पाहूनच अर्थ ठरवावा. जुन्या म्हणविणाऱ्या प्रतींत ‘घृणा करणें’ आढळल्यास प्रतीचें वय पुन्हां तपासण्यास हरकत नाहीं, मात्र केवळ तेवढ्यावरून ती अर्वाचीन ठरवूं नये. तिसरी, संगतीची. शेजारीं दया, कृपा, अनुकंपा असतील तर करुणा; मल, रक्त, दुर्गंध असतील तर किळस; आणि दोन्हींची सांवली असेल तर दोन्ही अर्थ द्यावे. द्वेष हा अर्थ स्पष्ट प्रमाणावांचून कोठेंहि देऊं नये.

ज्यांच्या संग्रहीं जुन्या मराठी पोथ्या आहेत त्यांनीं या शब्दाचीं स्थळें, प्रतीचा शक व मागचापुढचा मजकूर यांसह टिपून प्रसिद्ध करावीं. तीं पुरेशीं जमल्यावर मराठींत दयेचा अर्थ केव्हां मागें पडला हें नक्की ठरवितां येईल. तोंपर्यंत ‘निर्घृण’ हा एकटा साक्षीदारहि प्रचलित टीप खोटी पाडण्यास समर्थ आहे.