रियाज किती, रियाज कसा, आणि पेपरात न आलेली मुलं

"रोज किती वेळ बसवायचं त्याला?" पेटी किंवा कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांचे आईवडील भेटले की हा प्रश्न ठरलेला. माझी पीएचडी संगीतशिक्षणावर चालू आहे हे कळल्यावर तर त्यांना थेट आकडाच हवा असतो. अर्धा तास? एक तास? आज ज्या पेपरबद्दल लिहितोय, तो नेमका या आकड्यालाच हात घालतो. पेपर पियानोचा आहे. कोल्हापुरात पियानो किती घरांत असणार म्हणा, पण काळी एक, पांढरी चार ही भाषा आपल्याला परकी नाही.

रॉबर्ट ड्यूक, एमी सिमन्स आणि कार्ला कॅश यांचा हा पेपर 2009 चा. नावाचा सरळ अर्थ असा: प्रश्न 'किती'चा नाही, 'कसा'चा आहे. त्यांनी पियानोचे 17 पुढारलेले विद्यार्थी घेतले, शोस्ताकोविचच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोमधला तीन मात्राखंडांचा एक अवघड तुकडा दिला आणि सांगितलं, उद्या नीट वाजवता येईल अशी खात्री होईपर्यंत बसा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं वादन ऐकून क्रम लावला. आता गंमत बघा. कोण किती वेळ बसलं, कुणी तुकडा किती वेळा वाजवला, याचा त्या क्रमाशी संबंध लागला नाही. संबंध लागला तो चुकीशी कोण कसं वागलं याच्याशी. वरच्या क्रमांकाचे विद्यार्थी चूक झाली की तिथेच थांबत. नेमकी कुठे आणि कशाने झाली ते शोधत, तेवढाच भाग हळू करून पक्का करत आणि मग पुढे जात. बाकीचे बरेचसे पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

पहिल्यापासून सुरू करणं! आपल्याकडच्या बहुतेक घरांत रियाज म्हणजे हेच. अलंकार पहिला ते शेवटचा, मग बंदिश, मग घड्याळाकडे बघणं. मूल दर वेळी त्याच जागी अडखळतं आणि ती अडखळच त्याच्या बोटांत बसते. उद्यापासून 'किती वेळ वाजवलंस?' याऐवजी 'आज कुठली जागा दुरुस्त केलीस?' एवढं विचारलंत, तरी या पेपरचे पैसे वसूल.

पण माझी तक्रार आहे. ते 17 जण कोण होते? विद्यापीठात पियानो शिकण्यापर्यंत पोहोचलेले. म्हणजे ज्यांनी वाद्य सोडलं ते सगळे आधीच गळून गेलेले. आठवी-नववीत क्लास कसा सुटतो, हे तुम्हीही पाहिलं असेलच. पेपर सांगतो की चूक शोधा. पण चूक शोधायचा कंटाळा न येण्याइतकी ओढ कुठून आणायची, यावर तो गप्प आहे. एका बैठकीच्या प्रयोगाकडून ती अपेक्षा करणं अन्याय आहे, मान्य. पण मग वर्कशॉपमधून हा पेपर 'मुलांना टिकवण्याचं गुपित' म्हणून सांगू नये.

ओढीबद्दल काही सांगणारा पेपर वेगळाच आहे. जेम्स रेनविक आणि गॅरी मॅकफर्सन यांचा, 2002 चा. यात विद्यार्थिनी एकच, क्लॅरिनेट शिकणारी मुलगी. शिक्षकांनी दिलेली रचना ती वरपासून खालपर्यंत नुसती वाजवून मोकळी व्हायची. स्वतः निवडलेल्या रचनेवर मात्र तिने दर सुरामागे जवळपास दहापट वेळ घालवला. ती थांबायची, गुणगुणायची, आवाज न काढता नुसती बोटं चालवून बघायची. म्हणजे ड्यूक यांचे पट्टीचे विद्यार्थी करतात त्याच जातीचं काम, कुणी न शिकवता! एका मुलीवरून नियम काढता येत नाही हे खरं, पण आपल्या क्लासमध्ये मूल स्वतः काय निवडतं, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही.

बहुतेकदा काहीच नाही. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी शिडी आधीच उभी असते. या शिडीला नावं ठेवणं सोपं आहे, मी ठेवणार नाही. वर्ग, नोटेशन, परीक्षा ही वाट ज्यांनी रुंद केली ते विष्णु दिगंबर पलुस्कर आपल्याच कुरुंदवाडचे. 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी गाणं साध्या घरातल्या मुलांपर्यंत आणलं. ते मोठंच काम. बिघडतं ते सर्टिफिकेट हेच कारण झालं की. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा 1973 चा प्रयोग आठवा: चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधीच सांगितलं की काढलीत तर बक्षीस. पुढे मोकळ्या वेळात त्यांचं चित्र काढणंच कमी झालं. न सांगता अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांचं मात्र तसं झालं नाही. म्हणजे दोष बक्षिसाचा नाही, सौद्याचा आहे.

आता आपल्या गावातलं उदाहरण. गोविंदराव टेंबे, जन्म 1881, सांगवडे. पेटीतलं एवढं मोठं नाव, 1911 च्या 'मानापमान'चं संगीत त्यांचं. आणि शिक्षण? बरंचसं स्वतःचं स्वतः. भास्करबुवा बखल्यांचं मार्गदर्शन मिळालं. अल्लादिया खाँसाहेबांची रीतसर तालीम नाही, पण त्यांच्या गायकीचा जबरदस्त संस्कार. आणि पाठीशी होता 1883 पासूनचा देवल क्लब. टेंबे त्याचं ऋण मानत. तिथे मोठं गाणं कानावर पडायचं, आणि वाजवणाऱ्याला जाणते कान मिळायचे. वरच्या एकाही प्रयोगात हा घटक नाही. सगळीकडे विद्यार्थी खोलीत एकटा, आणि ऐकणारा एक तर परीक्षक, नाहीतर रेकॉर्डिंगचं यंत्र. टेंब्यांची प्रतिभा वेगळी, हे कबूल. पण अमुक गाणं मला वाजवायचंच आहे असं मुलाला वाटायला आधी ते कुणाच्या तरी हातून समोर ऐकलेलं असावं लागतं. सिलॅबसच्या पुस्तकातून ते वाटत नाही.

कोल्हापुरातल्या क्लासना माझं सांगणं छोटं आहे. महिन्यातून एक संध्याकाळ ठेवा. मुलं स्वतः निवडलेली एकच गोष्ट वाजवतील, सिनेमातलं गाणंसुद्धा चालेल. शेवटी सरांनी किंवा बाईंनी स्वतः वाजवायचं. गुण नाहीत, हार नाही, फोटोही नकोत. पालकांनी मागे बसून नुसतं ऐकायचं. आणि कुणी ड्यूक यांचाच प्रयोग नऊ-दहा वर्षांच्या पेटीवाल्या मुलांवर, अर्ध्यांना रचना निवडू देऊन, करणार असेल तर मला कळवा. तबल्याला माणूस मी शोधून देतो.