तरंगते फ्लोट आणि सागरी जीवसृष्टीचे मापन : एक चिकित्सा

प्रकाशीय संवेदक बसविलेल्या तरंगत्या फ्लोटमुळे सागरी जीवशास्त्राची व्याप्ती वाढली, हे निर्विवाद आहे. उपग्रहाला समुद्राचा केवळ वरचा थर दिसतो. ढग आले की तोही नाही. आर्गो योजनेतील फ्लोट मात्र साधारणतः १००० मीटर खोलीवर वाहत राहतो व दर दहा दिवसांनी २००० मीटरपासून पृष्ठभागापर्यंत मोजमापे घेत वर येतो. उत्तर अटलांटिकमधील फ्लोटच्या नोंदींवरून बॉस व बेहरेनफेल्ड यांनी २०१० मध्ये वनस्पतीप्लवकांची वाढ हिवाळ्यातच सुरू होते असे प्रतिपादन केले आणि बहर वसंतात सुरू होतो या स्वेर्ड्रुप यांच्या १९५३ च्या उपपत्तीला आव्हान दिले. तेथील हिवाळी वादळांत जहाजावरून इतके सलग निरीक्षण क्वचितच शक्य झाले असते.

तथापि फ्लोट नेमके काय मोजतो, हा प्रश्न या यशामागे झाकला जातो. संवेदक निळा प्रकाश टाकतो व हरितद्रव्याने उत्सर्जित केलेला लाल प्रकाश, म्हणजेच प्रतिदीप्ती, मोजतो. हरितद्रव्याचे प्रमाण हे त्यावरून काढलेले अनुमान, आणि प्लवकांचे वस्तुमान हे अनुमानावरचे अनुमान. प्रखर उन्हात ही प्रतिदीप्ती मंदावते. परिणामी भर दुपारी पृष्ठभाग ओसाड भासतो. त्यावर रूढ उपाय असा, की मिश्र थरातील सर्वाधिक मूल्य पृष्ठभागापर्यंत तसेच ओढावयाचे. थर एकजिनसी आहे हे येथे आधीच गृहीत धरलेले असते. मग आलेखात तो एकजिनसी दिसला तर त्यात नवल ते काय?

२०१७ मध्ये रोस्लर व सहकाऱ्यांनी दाखविले की, प्रचलित संवेदक हरितद्रव्य सरासरी दुप्पट दाखवितात आणि दक्षिण महासागरात ही तफावत आणखी वाढते. त्यानंतर आर्गोच्या नोंदी सरसकट दोनाने भागण्याची पद्धत आली. व्यवहार म्हणून हे समजण्याजोगे आहे. परंतु प्रदेशागणिक व प्रजातीगणिक बदलणाऱ्या गुणोत्तरासाठी एकच भाजक वापरणे शास्त्रीय म्हणता येत नाही.

अरबी समुद्रात ही मर्यादा विशेष जाणवते. तेथील हिवाळी बहरात हिरवी नॉक्टिलुका आढळते. तिचे हरितद्रव्य तिच्या पेशीत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचे असते. ते आणि डायटमचे हरितद्रव्य यांतील भेद केवळ प्रतिदीप्तीच्या आकड्यावरून कळत नाही. अन्नसाखळीच्या दृष्टीने मात्र तोच भेद निर्णायक आहे. शिवाय बहुतेक फ्लोट परत मिळत नाहीत, त्यामुळे त्यांचे संवेदक पुन्हा प्रयोगशाळेत तपासता येत नाहीत. म्हणून फ्लोट सोडतेवेळी त्याच जागचे पाण्याचे नमुने घेऊन हरितद्रव्य व प्रजाती तपासणे हा खर्चिक उपचार नसून मापनाचाच भाग मानला पाहिजे.