प्रिया आणि तिच्या गडणी : एका चित्रकथामालेतील नातेसंबंध

चित्रकथा हा वाङ्मयप्रकार आपल्या समीक्षेत बालवाचनाच्या सदरात टाकून देण्यात येतो. मग त्यातील स्त्रीपात्रांच्या परस्परसंबंधांचा विचार होत नाही यात नवल नाही. 1964 साली निघालेली आणि 1990 मध्ये बंद पडलेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला मराठीतूनही निघत असे. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील मलकापुरासारख्या गावी एखाद्या मुलीने ती वाचली असेल, तर तीत तिला डायना भेटली ती वेताळाची वाग्दत्त वधू म्हणून, नार्डा भेटली ती मँड्रेकची प्रेयसी म्हणून, आणि बेला बहादूरची सहचरी म्हणून. यांपैकी कोणीही भित्री नाही. परंतु प्रत्येकीची ओळख नायकाशी असलेल्या नात्यावरून होते. दोन स्त्रियांमधील मैत्री हा तेथे कथेचा विषयच नव्हे.

हा दोष केवळ परकीय चित्रकथांचा मानणे अन्यायाचे होईल. मलकापूर ज्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान. त्यांचे कर्तृत्व मराठी मनाने पूजिले, ते मातेचे म्हणून. आपल्या वीरकथेने स्त्रीला माता, पत्नी वा देवीचा अवतार म्हणून थोरवी दिली. मैत्रीण मात्र त्या कथेच्या उंबरठ्याबाहेर, जात्यापाशी राहिली. तेथे तिला खरोखरीच मोठे स्थान आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून ज्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविण्यात आल्या, त्यांत भाऊ व आई यांच्याइतक्याच जिव्हाळ्याने गडणीला, शेजीला हाक घातलेली आढळते. वीरकथा आणि ओवी या दोन प्रवाहांचा संगम चित्रकथेत होऊ शकतो काय, हा प्रश्न ‘प्रिया’ या नायिकेच्या निमित्ताने विचारण्याजोगा आहे.

डिसेंबर 2012 मधील दिल्लीच्या घटनेनंतर राम देविनेनी यांना ही नायिका सुचली, आणि ‘प्रियाज् शक्ती’ हे पहिले पुस्तक 2014 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. मुंबईत धारावीच्या भिंतींवरही प्रियाची चित्रे रंगविण्यात आली. कथा थोडक्यात अशी : प्रियाला शिक्षिका व्हावयाचे असते, बाप तिला घरकामासाठी शाळेतून काढतो, पुढे गावातील पुरुष तिच्यावर अत्याचार करतात, आणि घरचे लोक तिलाच दोष देऊन बाहेर काढतात. ती रानात जाते. तेथे एक वाघ तिच्या मागावर असतो. पार्वतीच्या प्रेरणेने ती आपल्या भयाला सामोरी जाते, आणि त्याच वाघावर बसून गावात परत येते.

वाघाची कल्पना अर्थपूर्ण आहे यात शंका नाही. ज्याने खावयाचे तोच वाहन होतो. तथापि नात्यांच्या दृष्टीने पाहता हे पुस्तक विलक्षण ओसाड आहे. प्रियाला वर देणारी देवता आहे, वाहन आहे, ऐकणारा जनसमूह आहे. पण तिच्या शेजारी बसणारे कोणीही नाही. देवीशी नाते जुळते ते भक्तीचे, आणि भक्तीत बरोबरी नसते. ज्या मुलीच्या गावाने तिच्याशी असलेले प्रत्येक नाते एका दिवसात तोडले, तिला स्वर्गातून बळ मिळावे हे ठीकच. परंतु तुटले ते पृथ्वीवर होते.

नात्यांचा हा आग्रह भावविवशतेतून आलेला नाही. विदर्भातच, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचे प्रकरण या संदर्भात आठवणे अपरिहार्य आहे. तिच्याबरोबर आलेल्या माणसांना बाहेर जाण्यास सांगून तिला एकटीला आत ठेवण्यात आले. तक्रार नोंदविली गेली ती बाहेर जमलेल्या लोकांच्या दबावामुळे. पुढे न्यायालयात तिचे प्रियकराशी असलेले नातेच तिच्याविरुद्ध गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरविले. त्या निकालावर 1979 साली चार विधिज्ञांनी खुले पत्र लिहिले. वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर हे त्यांपैकी दोघे. पुढे 1983 मध्ये कायदा बदलला. येथे दारापाशी खोळंबलेली नाती आहेत, नात्याचा पुरावा म्हणून झालेला दुरुपयोग आहे, आणि परक्यांनी जोडलेले नवे नातेही आहे. ‘प्रियाज् शक्ती’त या तिहींपैकी पहिले दोन अनुभव अंशतः येतात, तिसरा मात्र देवलोकातील कलहाच्या गर्दीत हरवतो.

तो सापडतो 2016 च्या ‘प्रियाज् मिरर’मध्ये. मुंबईच्या चित्रपटकर्त्या पारोमिता व्होरा या पुस्तकाच्या सहलेखिका आहेत, आणि हा बदल त्यांच्यामुळे घडला असावा असे अनुमान करण्यास जागा आहे. आम्लहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया अहंकार नावाच्या असुराच्या गडात राहतात. बाहेरच्या जगाच्या नजरेपेक्षा कैद बरी, असे त्यांना वाटू लागले आहे. प्रिया त्यांच्यापुढे आरसा धरते. आरसा पार्वतीचाच, पण आता तो धरणारी स्वतः गावाबाहेर टाकलेली आहे, आणि म्हणूनच तिच्या हातातील आरशात पाहण्याचे धैर्य त्या स्त्रियांना होते. समदुःखी स्त्रीची नजर हाच येथे खरा आरसा ठरतो. देवीकडून येणारे बळ या पुस्तकात प्रथमच एका स्त्रीकडून दुसरीकडे जाते.

‘प्रिया अँड द लॉस्ट गर्ल्स’ (2019) हे तिसरे पुस्तक या मालेतील सर्वांत धीट होय. गावातील मुली नाहीशा झाल्या आहेत, त्यांत प्रियाची बहीण लक्ष्मीही आहे. राहू नावाच्या दैत्याच्या पाताळनगरीतून, म्हणजे देहविक्रयाच्या बाजारातून, प्रिया त्यांना सोडविते. सामान्य वीरकथा येथे संपली असती. परंतु परत आलेल्या मुलींना गाव स्वीकारीत नाही. दैत्यवध सोपा, घराचे दार उघडणे कठीण, हे या पुस्तकाने ओळखले आहे. शिवाय येथे सख्खे नाते आणि मैत्री यांतील भेद मिटतो : लक्ष्मी सुटका झालेली धाकटी बहीण म्हणून उरत नाही, ती प्रियाच्या बाजूने उभी राहते. दैत्याचे रूपक मात्र अंमळ ढोबळ आहे. दलाल हा बहुधा ओळखीचा, क्वचित नात्यातलाही माणूस असतो, आणि पाताळात नेऊन बसविल्याने तो दूरचा वाटू लागतो.

अमेरिकेतील ‘वंडर वुमन’ची तुलना येथे बोधप्रद ठरेल. 1941 साली अवतरलेल्या त्या नायिकेला पुढच्याच वर्षी एटा कँडी ही स्थूल, विनोदी आणि निर्भय मैत्रीण मिळाली. निर्माते विल्यम मार्स्टन 1947 मध्ये वारले. त्यानंतर मैत्रीण मागे पडली आणि नायिकेच्या विवाहाचा प्रश्न पुढे आला. प्रियाच्या मालेत प्रवास उलट दिशेने झाला आहे. तिच्यासाठी वर शोधण्याच्या भानगडीत लेखक पडले नाहीत, हे त्यांचे शहाणपणच म्हणावे लागेल.

चौथे पुस्तक, ‘प्रियाज् मास्क’ (2020), हे करोनाच्या साथीत लोकशिक्षणासाठी लिहिले गेले, आणि कथा म्हणून ते इतरांच्या तुलनेत बेताचेच आहे. उपदेश फार, प्रसंग थोडे. तरीही नात्यांच्या दृष्टीने ते वगळता येत नाही. यात प्रियाच्या जोडीला येते ती जिया, 2013 साली पाकिस्तानात निघालेल्या ‘बुर्का अ‍ॅव्हेंजर’ या सचित्रपट मालिकेची नायिका. ती कोणाची भक्त नाही, कोणी सोडविलेली नाही, आणि तिला प्रियाच्या आरशाची गरज नाही. लेखण्या आणि पुस्तके ही तिची शस्त्रे, आणि एरवीचा तिचा व्यवसाय शाळेत शिकविण्याचा. पहिल्या पुस्तकात ज्या मुलीला शाळेतून काढून चुलीपुढे बसविले होते, तिला सहा वर्षांनी मिळालेली ही बरोबरीची मैत्रीण शिक्षिका आहे.