‘पोराण’ आणि पुराणमतवाद

आंबेडकरी लिखाणात ‘पुराणमतवादी’ व ‘जातिवादी’ हे शब्द बहुधा एकाच अर्थाने येतात. त्यामागे कटू अनुभव आहे; जुने टिकविण्याची भाषा करणाऱ्यांनी प्रामुख्याने जातच टिकविली. तरीही हे समीकरण तपासले पाहिजे.

‘जातिभेद निर्मूलन’ या १९३६च्या ग्रंथात, समाजाला खऱ्या धर्माचे अधिष्ठान हवे, या एडमंड बर्कच्या मताशी बाबासाहेब सहमती दर्शवितात. हाच बर्क युरोपीय पुराणमतवादाचा आद्य प्रवक्ता मानला जातो. फ्रेंच राज्यक्रांतीवर त्याने १७९०मध्ये कडाडून टीका केली. पण बदलाची सोय नसलेले राज्य स्वतःचे रक्षणही करू शकत नाही, हे त्यानेच त्या ग्रंथात लिहिले. बाबासाहेब मात्र तेथेच थांबत नाहीत. वारसा सगळा न नेता पारखून पुढे न्यावा, हे ड्यूईचे म्हणणेही ते त्याच ग्रंथात जवळ करतात.

पाली वाङ्मयाकडे वळल्यास आपली अडचण वाढते. कालामसुत्त आपण नेहमी सांगतो; केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नये, हे त्यातले वचन सर्वांना पाठ असते. जुने ते खोटे, असे मात्र ते सुत्त म्हणत नाही. महापरिनिब्बानसुत्तात तर वज्जी आपल्या ‘पोराण’ धम्माप्रमाणे वागतील तोवर त्यांची हानी होणार नाही, असे भगवंत सांगतात. ‘पोराण’ म्हणजे आपला ‘पुराण’च! त्याच सुत्तात, आपल्या पश्चात संघाने इच्छिल्यास बारीकसारीक शिक्षापदे रद्द करावीत, अशी मोकळीकही ते देतात. राजगृहाच्या संगीतीत, बारीकसारीक कोणती यावर स्थविरांचे एकमत होईना. अखेर सर्वच कायम ठेवली गेली. हा निर्णय पुराणमतवादी खरा, पण तो चर्चेने, कारणे देऊन झाला. त्याला अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे होईल. तो योग्य होता का, हा प्रश्न वेगळा. प्रस्तुत लेखकास तो अतिसावध वाटतो.

खुलताबाद तालुक्यातच वेरूळचे दहावे लेणे आहे. तेथील छताला दगडी फासळ्या आहेत. कार्ल्याच्या चैत्यात त्या खऱ्या लाकडाच्या आहेत. वेरूळला लाकडाची नुसती नक्कल उरली, तिच्यावर कसलाही भार नाही. स्तूप मात्र राखला गेला आणि त्याच्यापुढे, कार्ल्याच्या मूळ चैत्यात नसलेली, भव्य बुद्धमूर्ती आली. राखणे, बदलणे आणि निव्वळ सवय, तिन्ही एकाच दालनात दिसतात. लोकांनी या लेण्याला नाव दिले ते सुताराची झोपडी, म्हणजे फासळ्यांवरून.