लाल नकाशा वाचायचा कसा?

मंडळी, २३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला हायली गुब्बी फुटला. त्याची राख आणि वायू लाल समुद्र, येमेन, ओमान ओलांडून दुसऱ्या दिवशी रात्री वायव्य भारतावर आले. विमानं रद्द झाली. बातम्यांत उपग्रहाचा लाल नकाशा फिरला आणि खाली शब्द काय, तर ‘विषारी ढग’! माझी तक्रार नकाशाबद्दल नाही. तक्रार आहे ती वाचून दाखवणाऱ्यांबद्दल.

उपग्रहावरचं यंत्र जमिनीवरून आणि हवेतून परतणारा सूर्यप्रकाश बघतं. सल्फर डायऑक्साइड त्यातले ठरावीक अतिनील किरण शोषतो. किती शोषले, यावरून आपल्या डोक्यावरच्या अख्ख्या हवेच्या खांबात वायू किती, ते निघतं. मोजमापाचं एकक डॉब्सन. पण हा वायू त्या खांबात कुठल्या मजल्यावर आहे, हे रंग सांगत नाही. सगळी गोम इथंच आहे.

हिशोबच करू ना. १० डॉब्सन म्हणजे चौरस मीटरमागे साधारण ०.२८५ ग्रॅम वायू. तो जमिनीलगतच्या एका किलोमीटरात मिसळला, तर घनमीटरला सुमारे २८५ मायक्रोग्रॅम. आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा ८० आहे. म्हणजे साडेतीन पट! आणि तोच वायू दहा-बारा किलोमीटरवर असेल, तर नशिराबादच्या चौकात उभ्या माणसाच्या नाकात त्यातलं काही नाही. नकाशावर रंग मात्र तोच.

हायली गुब्बीचा लोट सुमारे १४ किलोमीटर चढला होता. ढग वरच्या थरात आहे, असं हवामान खात्यानं सांगितलंही होतं. म्हणून विमानांना धोका खरा होता. दिल्लीची हवा तेव्हा वाईट होती, पण ती आधीपासूनच. त्यात इथिओपियाचा हात नव्हता.

‘बारा हजार वर्षांनी जागा झाला’ हेही तसंच. तेवढ्या काळात फुटल्याची नोंद सापडलेली नाही, एवढंच ठाऊक आहे. वाळवंटात नोंद ठेवणार कोण होतं?

आता आपल्या जवळचं बघा. दीपनगरला कोळसा जळतो, त्यातूनही सल्फर डायऑक्साइडच निघतो, पण खाली. आणि उपग्रहाच्या या यंत्राला उंचावरचा वायू चांगला दिसतो, जमिनीलगतचा अंधुक. हवेत विखुरलेला प्रकाश मध्ये येतो ना! म्हणजे परदेशातला उंच ढग लाल दिसेल आणि घराजवळचा धूर फिकट. या धुरासाठी श्वासाच्या उंचीवर हवा ओढून मोजणारं यंत्रच लागतं, आणि त्याचे आकडे बातमीत रोज यायला हवेत.