वकीलसंघाचें स्वशासन : गोतसभा कीं जातिसभा ?

जुना महजर हातीं आला म्हणजे आम्ही त्यांतील मजकूर शेवटीं वाचतों. आधीं तारीख, मग शिक्का, मग हाजिर मजालसींतील नांवें आणि नंतर त्या नांवांखालच्या निशाण्या पाहतों. मजकूर कोणीही लिहवून घेऊं शकतो. परंतु मजालसींत कोण बसलें होतें व कोणीं आपल्या हातची निशाणी केली हें बनावट करणें त्याहून अवघड असतें. संग्राहकांच्या अंगवळणीं पडलेली ही रीत नव्या कागदांसही लावून पाहण्याजोगी आहे. प्रस्तुत लेखांत ती वकीलवर्गाच्या स्वशासनाच्या कागदांस, विशेषतः १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टास, लावून पाहण्याचें योजिलें आहे.

याचें कारण असें. वकील आपल्या धंद्याचा कारभार आपणच पाहतात, आपल्यांतील दोषी मनुष्यास आपणच शासन करतात, आणि ही आमच्या जुन्या गोतसभेचीच परंपरा होय, असें म्हणणारे लोक आम्हांस वारंवार भेटतात. खानदेशांत तर अधिकच. कारण धुळें व जळगांव येथील ज्या घरांतून जुनीं दप्तरें निघालीं, त्यांपैकीं अनेक घरें वकिलांचीं आहेत, आणि महजर व वकीलपत्र हीं दोन्ही एकाच कपाटांत सांपडावयाचीं. एका कपाटांत सांपडलेले कागद एकाच कुळींचे असतात असें नव्हे.

गोतसभा म्हणजे काय हें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. तींत देशमुख, देशपांडे, मोकदम, कुळकर्णी, शेटे, महाजन हे तर असतच. परंतु बलुतेदारही असत, आणि प्रत्येकजण आपापल्या धंद्याची निशाणी करी. कुणब्याचा नांगर, परटाची मोगरी, न्हाव्याचा आरसा, महाराची विळादोरी. वाद पाटिलकीचा असला तरी त्यावर कुंभार निशाणी करी, आणि कुंभाराच्या वृत्तीचा असला तरी त्यावर पाटलाचा नांगर उमटे. गोतसभेचें बळ एकजिनसीपणांत नव्हतें. ज्यांना त्या निवाड्याखालीं पुढें पिढ्यानपिढ्या नांदावयाचें, ते सर्व हजर असण्यांत होतें. डॉ. विठ्ठल त्र्यंबक गुणे यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथांत या संस्थेचा जो विस्तृत विचार केला आहे, तो ज्यांनीं वाचला नसेल त्यांनीं अवश्य वाचावा. तिचे दोषही लपविण्याचें कारण नाहीं. निवाडे लांबत, पंचांस हजर राहण्याची सक्ती करतां येत नसे, आणि बलवंत वादी एक निवाडा झाल्यावर दुसऱ्या ठिकाणीं दाद मागावयास जाई. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या रिपोर्टांत यांतील कांहीं दोषांचा उल्लेख आहे, आणि तो सर्वस्वी द्वेषमूलक नाहीं.

या सर्व व्यवस्थेंत धंदेवाईक वकील कोठेंच नाहीं. अग्रवादी व पश्चिमवादी आपापले करिने स्वतः देत, राजीनामे लिहून देत, जमान देत. अठराव्या शतकांतील पत्रांत ‘वकील’ हा शब्द पदोपदीं येतो. पण तो दरबारांतील प्रतिनिधि, न्यायसभेंतील भाषण करणारा नव्हे. अशा पत्रांच्या कपाळीं ‘न्यायविषयक’ अशी चिठी लावलेली आम्हीं एकाहून अधिक खासगी संग्रहांत पाहिली आहे. तेवढी चूक दुरुस्त झाली तरी पुष्कळ झालें.

सनदी वकील हा कंपनी सरकारचा जन्म. बंगाल्यांत १७९३ च्या सातव्या रेग्युलेशनानें त्यास सनद व ठरीव फी मिळाली. मुंबई इलाख्यांत १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनांत त्याच्या नेमणुकीचे नियम आले. खानदेशांत १८१८ सालीं इंग्रजी अंमल बसून कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळ्यास मुख्य ठाणें केलें होतें. म्हणजे नवें न्यायालय व नवा वकील हे येथें एका पिढीच्या आंतच आले. या सनदेवर शिक्का कोणाचा ? न्यायालयाचा. जो सनद देतो तोच ती काढून घेतो, हा तिचा स्वभाव. पुढें १९२० च्या बॉम्बे प्लीडर्स ॲक्टानेंही या स्वभावांत पालट केला नाहीं.

हा स्वभाव किती खरा होता हें आपल्याच उच्च न्यायालयाच्या हद्दींत, अहमदाबादेस, १९१९ सालीं दिसलें. रौलेट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सही करणाऱ्या कांहीं बॅरिस्टरांविषयीं व वकिलांविषयीं तेथील जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनीं उच्च न्यायालयास पत्र लिहिलें, आणि उच्च न्यायालयानें त्या मंडळींस समज दिली. तें पत्र गांधीजींनीं ‘यंग इंडिया’ पत्रांत छापलें, म्हणून त्यांच्यावर व महादेव देसाई यांच्यावर न्यायालयाच्या अवमानाचें काम चालून १९२० सालीं दोघांस ताकीद मिळाली. या प्रकरणाकडे राजकारण म्हणूनच पाहण्यांत येतें. परंतु आमच्या विषयास त्यांतील मार्मिक गोष्ट निराळी आहे. वकिलाच्या वर्तनाविषयीं न्यायाधीशानें लिहिलें, न्यायाधीशांनींच ऐकलें, आणि तो कागद लोकांपुढें येणें हाच अपराध ठरला. वकीलवर्ग या साऱ्यांत सभा म्हणून कोठेंही बसलेला नाहीं.

१९२६ च्या इंडियन बार कौन्सिल्स ॲक्टानें त्यास प्रथम बसावयास जागा दिली. पंधरा सभासद, त्यांत ॲडव्होकेट जनरल एक, उच्च न्यायालयानें नेमलेले चार, आणि ॲडव्होकेटांनीं निवडलेले दहा. परंतु वर्तनाच्या चौकशीचें काम उच्च न्यायालयानें सोंपविलें तरच या कौन्सिलाच्या मंडळींनीं करावयाचें, आणि शेवटचा हुकूम उच्च न्यायालयाचाच. शिवाय हें सर्व उच्च न्यायालयाच्या पटावरील ॲडव्होकेटांपुरतें. जिल्ह्यांतील सनदी प्लीडर १९२० च्या कायद्याखालींच राहिला. १९३७ च्या जुलैअखेर डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका दाव्याच्या कामीं धुळ्यास आले होते. त्यांच्यासारखा मुंबईचा बॅरिस्टर व जिल्ह्याचा प्लीडर एका न्यायालयांत शेजारीं उभे राहिले तरी दोघांचे पट निराळे, आणि दोघांवरील शासनाची वाटही निराळी. धुळ्याच्या व जळगांवच्या वकीलवर्गाचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यानें हा भेद न ओळखल्यास त्याच्या हातून घोटाळा झाल्यावांचून राहणार नाहीं.

आतां १९६१ चा कायदा. यानें सर्वांचा एक वर्ग केला, सनद देणें व ती काढून घेणें हें प्रांतिक बार कौन्सिलाकडे सोंपविलें, आणि उच्च न्यायालयानें सभासद नेमण्याची रीत बंद केली. पटावर पांच हजारांपर्यंत वकील असल्यास १५, दहा हजारांपर्यंत २०, त्यापुढें २५ सभासद, सर्व निवडलेले. ॲडव्होकेट जनरल पदसिद्ध. शिक्का न्यायालयाच्या हातून वकिलांच्या हातीं आला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु आमच्या रीतीप्रमाणें हाजिर मजालस पाहूं लागावें तों काय दिसतें ? वर्तनाची चौकशी करणारी समिति तिघांची. दोघे कौन्सिलाचे सभासद, तिसरा कौन्सिलाबाहेरचा खरा, पण तोही वकीलच. तक्रार घेऊन येणारा पक्षकार—ज्याची मुदत टळली, ज्याचे कागद परत मिळाले नाहींत, ज्याच्या नांवें आलेला पैसा त्याच्या हातीं पोंचला नाहीं—त्याच्या वर्गाची निशाणी या निवाड्यावर कोठेंही नाहीं. फार तर तो साक्षीदार. चोपडा किंवा यावल येथून आलेला शेतकरी ज्या मजालसीपुढें उभा राहतो, तींत त्याच्या नांगरास जागा ठेवलेली नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, ही संस्था गोतसभेची वंशज नव्हे. तिचें साम्य पाहावयाचेंच तर जातिसभेशीं पाहावें. जातिसभाही आपल्याच लोकांची, आपल्याच लोकांपुरती, आपल्या चालीस धरून निवाडा करणारी. तिच्या शिक्षाही ओळखीच्या : समज देणें, कांहीं काळ पंक्तींतून दूर ठेवणें, आणि अखेरीस वाळींत टाकणें. १९६१ च्या कायद्याचें पस्तिसावें कलम ताकीद, सनदेची तहकुबी आणि पटावरून नांव काढणें, अशा याच तीन पायऱ्या सांगतें. जातिसभा वाईटच असे असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्या धंद्यांतील खोट धंदेवाल्यासच कळते, हें सुताराविषयीं खरें आहे तसें वकिलाविषयींही खरें आहे. पण जातिसभेस गोतसभा म्हणूं नये.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, या समितीवर अखिल भारतीय कौन्सिलाकडे व पुढें सर्वोच्च न्यायालयाकडे अपील आहे. तें खरें, आणि १९७५ सालीं याचें एक उत्तम उदाहरणही घडलें. मुंबईच्या फौजदारी न्यायालयाच्या दारांत पक्षकारांस ओढून कामें मिळविणाऱ्या कांहीं वकिलांस महाराष्ट्राच्या कौन्सिलाच्या समितीनें दोषी धरलें होतें. अखिल भारतीय कौन्सिलाच्या समितीनें त्यांस सोडलें. तेव्हां महाराष्ट्राचें कौन्सिल स्वतःच सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि सात न्यायाधीशांच्या पीठानें त्यास तो अधिकार आहे असें ठरविलें. आपल्याच लोकांविरुद्ध आपणच अपील करणारी सभा दुर्मिळ, आणि तिचें श्रेय दिलें पाहिजे. परंतु वरचें अपील म्हणजे खालच्या मजालसींतील उणीव भरून निघणें नव्हे. जळगांवच्या पक्षकारास दिल्लीची वाट किती लांब हें आम्हीं सांगावयास नको. दुसरा आक्षेप असा कीं, बाहेरच्या मनुष्यास बसविलें तर धंद्याचें स्वातंत्र्य जाईल. ज्या इंग्लंडांतून आमचे बॅरिस्टर आले तेथें सॉलिसिटरांच्या चौकशीमंडळांत वकिली न करणारे सभासद बसतात, आणि २००७ च्या कायद्यानें सर्व वकीलवर्गावर देखरेख करणारें जें मंडळ झालें त्यांत बहुमत अशाच लोकांचें आहे. तेथील वकील त्यामुळें परतंत्र झाला असें ऐकिवांत नाहीं.

न्यायाधीशांविषयीं थोडक्यांत. जिल्ह्याच्या न्यायाधीशावर घटनेच्या २३५ व्या कलमान्वयें उच्च न्यायालयाची हुकमत आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाविषयींची तक्रार न्यायाधीशांनींच पाहावी अशी अंतर्गत रीत १९९९ पासून चालू आहे. तिचें बीज आपल्या इलाख्यांतलें आहे. मुंबईच्या तत्कालीन मुख्य न्यायाधीशांनीं पद सोडावें असे ठराव १९९५ सालीं वकिलांच्या संस्थांनीं केले, आणि त्या निमित्तानें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, असे ठराव करून दडपण आणूं नये, माहिती असल्यास ती मुख्य न्यायाधीशांपुढें ठेवावी. येथेंही मजालस एकाच जातीची.

उरला जिल्ह्याचा वकीलसंघ. खानदेशचे १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार १९९८ सालीं निघालें. न्यायालयें वाढलीं तसे संघ वाढले. संघास सनद देण्याचा वा घेण्याचा अधिकार नाहीं. वर्गणी, ग्रंथालय, बाररूममधील बैठकीच्या जागा, वार्षिक निवडणूक हाच त्याचा कारभार, आणि म्हणून त्याच्या वह्यांकडे कोणी पाहत नाहीं. आमच्या मतें येथेंच चूक होते. कामावर न जाण्याचा ठराव करणारा हाच संघ असतो. सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं वकिलांस संपाचा हक्क नाहीं असें ठरवितांना, अपवादाच्या प्रसंगींही संघाच्या अध्यक्षानें आधीं जिल्हा न्यायाधीशाशीं विचारविनिमय करावा असें घातलें. तो झाला कीं नाहीं याचा पुरावा ठराववहीवांचून दुसरा नाहीं. एका वकिलानें एकाच संघांत मत द्यावें ही रीत त्याच न्यायालयानें आपल्याच आवारांतील संघाविषयीं २०११ सालीं मान्य केली, आणि २०२४ सालीं त्या संघाच्या कार्यकारिणींत स्त्रियांस तृतीयांश जागा ठेवविल्या. प्रतिभाताई पाटील यांनीं १९६२ सालीं विधानसभेवर निवडून येण्यापूर्वीं जळगांवच्या न्यायालयांत वकिली केली. त्या काळच्या बाररूममध्यें स्त्री वकिलाची बसण्याची सोय, वर्गणी व मत यांची वहिवाट काय होती, हें कोणत्या छापील ग्रंथांत सांपडणार? सांपडलेंच तर वर्गणीच्या वहींत.

धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव वकील, भास्कर वामन भट वकील. एकानें रामदासी मठांचीं बाडें मिळविण्यांत आयुष्य घातलें. दुसरा, राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यास वारल्यावर, त्यांच्या कागदपत्रांसाठीं उभारलेल्या मंडळाचा आधार झाला. दोघांनींही दुसऱ्यांचे कागद राखले. त्यांच्या धंद्याचे कागद राखण्याचें काम मात्र संग्राहकांनीं आपलें मानलेलें नाहीं. पेशवाईनंतरचा कागद म्हणजे रद्दी, ही समजूत अजून गेलेली नाहीं.

ज्यांच्या घरीं अशा वह्या असतील त्यांनीं त्या सुट्या करूं नयेत. शिवणीसह जपाव्या, आणि नक्कल घेतांना ठरावाच्या मजकुरापूर्वीं हजर असलेल्यांच्या सह्यांचें पान घ्यावें. विरुद्ध मत नोंदलेलें असल्यास तें पान त्याच्याही आधीं. सनद असेल तर तिच्या दोन्ही बाजूंची नक्कल घ्यावी, कारण पाठीवर कांहीं शेरे असल्यास तेही तिच्या इतिहासाचाच भाग होत.